महादेवाच्या बारवेतली मरळ

लातूर नवीन जिल्हा झाला आणि माझी नांदेडहून तिथं बदली झाली. खातं म्हणजे मासे खातं. आता लातूरला त्या साली पाणीच नव्हतं. तळी होती, नाही असं नाही, पण त्यांच्यात पोरं क्रिकेट खेळून राहिली होती. मांजरेच्या पात्रातून बैलगाड्या सरळ पलीकडं जायच्या, पुलाची गरज उरली नव्हती. पण जिल्हा नवा, म्हणून प्रत्येक खात्याला एकेक ऑफिस, तसं आम्हालाही. भाड्याची एक खोली, एक साहेब, एक शिपाई आणि कारकून म्हणून मी. टेबल यायचं होतं. शिक्का जुन्या जिल्ह्याचा, त्यातलं गावाचं नाव ब्लेडनं खरवडलेलं. बोर्ड मात्र पहिल्याच आठवड्यात आला. रंगवणाऱ्यानं त्यावर हौसेनं दोन मासे काढले होते, आणि जिल्ह्यातले खात्रीचे मासे तेवढेच. दर महिन्याला मी अहवाल लिहायचो: जलक्षेत्र निरंक, उत्पादन निरंक. साहेब तो नीट वाचून सही करायचे.

माझं सांगायचं तर मी उदगीरच्या लिंगायत घरातला. वडलांचं आडत दुकान, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि घरात माशाचा फोटो असलेलं कॅलेंडरसुद्धा चालत नव्हतं. नोकरी लागली तेव्हा मी घरी 'पाण्याच्या खात्यात लागलो' असं सांगितलं. ते खोटं नव्हतं. बायकोला खरं कळलं ते लग्नानंतर, आणि तिनं एकच अट घातली की ऑफिसातून आल्यावर आधी अंगोळ, मग स्वयंपाकघर. पाण्याचा इतका दुष्काळ की प्यायला कळशी मिळायची मारामार, आणि मी रोज, जन्मात मासा हातात धरला नसताना, माशाचा विटाळ फेडायला अंगोळ करून राहिलो होतो. खामखा.

अशात एक दिवस ऑफिसला पेटी आली. टेबल आलं असेल म्हणून शिपायानं आनंदानं फोडली, तर आत एक काठी, तिला बसवायचं एक रीळ, बारीक दोर, सहा लाकडी मासे आणि इंग्रजी पुस्तिका. परदेशातल्या कुठल्या तरी योजनेतनं सगळ्या जिल्ह्यांना वाटलेलं सामान होतं, आमचा जिल्हा नवा म्हणून यादीत सगळ्यात वर. लाकडी मासे मात्र देखणे होते. गुबगुबीत पोट, रंगवलेले डोळे, पोटाखाली आणि शेपटीला तीन-तीन टोकांचे गळ, आणि तोंडाखाली पुढं आलेली एक पारदर्शक जीभ. पुस्तिकेत त्यांना क्रँकबेट म्हटलं होतं, आणि त्यांनी बास नावाचा मासा कसा धरायचा ते चाळीस पानं लिहिलं होतं. बास मासा आपल्या देशात होत नाही, हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मराठी भाषांतर करा. मच्छीमार बांधवांना वाटू." मच्छीमार बांधव तेव्हा रोजगार हमीवर खडी फोडत होते.

केलं भाषांतर. दुसरं काम होतं कुठं? आणि खरं सांगतो, पुस्तिका मला लई आवडली. लिहिणाऱ्या माणसाला त्या माशाची जिवापाड कळकळ होती. लाकडी मासा फेकायचा तो जिथं खरा मासा असेल तिथं नाही, त्याच्या पलीकडं. मग रीळ फिरवत आणायचा. ती जीभ पाण्याला अडते आणि लाकडी मासा आपोआप खाली बुडी मारतो, अंग हलवत चालतो. गढूळ पाण्यात जाड पोटाचा आणि भडक रंगाचा घ्यायचा, कारण मोठा मासा बघून नाही, हादऱ्यावरून येतो. आणि मुख्य गोष्ट, जी त्यानं चार ठिकाणी लिहिली होती: लाकडी मासा तळाच्या दगडाला आपटू द्यायचा, आपटला की हात थांबवायचा. काहीच करायचं नाही. त्या थांबण्यातच मोठा मासा येतो. एवढं सगळं मी सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि बघता बघता मराठवाड्यातला त्या विषयातला एकमेव जाणकार झालो.

साहेब म्हणाले, प्रात्यक्षिकही जमलं पाहिजे. म्हणून मी आणि शिपाई गावाबाहेरच्या कोरड्या तळ्यात रोज सकाळी सराव करायला जायला लागलो. भेगाळलेल्या तळात उभा राहून मी लाकडी मासा फेकायचो, रीळ फिरवायचो, मासा ढेकळांवरून टणटण उड्या मारत यायचा. पहिल्या दिवशी बाभूळ धरली. दुसऱ्या दिवशी माझाच सदरा, पाठीमागून. तिसऱ्या दिवशी एका बाईच्या शेळीच्या तोंडातला पाला गळाला लागला आणि शेळी तो सोडेना. बाई कमरेवर हात ठेवून बघत होती. तिनं शिपायाला विचारलं, "ह्येंला काय झालंय?" शिपाई मच्छीमाराच्या घरातला, गंभीर माणूस. तो म्हणाला, "सरकारी हाय." बाईचं समाधान झालं.

त्यातला एक लाकडी मासा मी पॉलिश करायला घरी नेला तर बायकोनं तो उंबऱ्याबाहेरच ठेवायला लावला. मी म्हटलं, लाकूड आहे ते. ती म्हणाली, "लाकडाचा असला तरी मासाच हाय की." मी लई तापलो. माझं डोकं तसं लवकरच तापतं. पण मासा राहिला बाहेरच, चपलांच्या शेजारी.

हे सगळं असंच हसण्यावारी गेलं असतं, पण एका सोमवारी शिरूर अनंतपाळच्या बाजूच्या एका गावाहून सरपंच आले, आणि त्यांच्या मागं एक म्हातारा. म्हातारा तिथल्या महादेवाच्या देवळाचा गुरव. उंच, वाळलेला, खांद्यावर घोंगडं, आणि बोलताना समोरच्याकडं न बघता जमिनीकडं बघायची सवय. सरपंचांनी अडचण सांगितली. गावात पाणी एकाच ठिकाणी उरलं होतं, देवळाच्या बारवेत, तेही गुडघाभर आणि त्याखाली पुरुषभर गाळ. तालुक्याचा साहेब म्हणत होता की गाळ काढून बारव मोकळी करा, मग टँकर आणून त्यात रिकामा करतो. येत्या सोमवारपर्यंत न काढला तर टँकर पुढच्या गावाला. गाव गाळ काढायला तयार होतं. पण बारवेत एक मरळ होती.

मरळ म्हणजे सापासारख्या तोंडाचा लांब, काळा मासा. ही महादेवाची मरळ. तिला कुणी बारवेत सोडली ते कुणाला माहीत नव्हतं. म्हातारा रोज सकाळी पायरीवर तांब्या तीनदा वाजवायचा, ती वर यायची, त्याच्या हातची भाकरी खायची. म्हाताऱ्याची बायको गेल्याला बरीच वर्षं झाली होती, पोरबाळ नव्हतं. गाळ काढताना मरळ मेली तर ते पाणी गाव पिणार नव्हतं, टँकरचं असलं तरी. तेव्हा आधी ती जिवंत बाहेर निघाली पाहिजे.

"मग जाळं टाका," शिपाई म्हणाला.

"जाळ्याला मेलेल्या माशांचा विटाळ असतोय," सरपंच म्हणाले. "पिण्याचं पाणी हाय ते."

"उतरून हातानं धरा."

"पाण्यात पाय घालायचा न्हाई, अशी आमच्या गावची रीत हाय. पाणी काढल्यावर गाळात उतरता यील, पण तवर ती गाळात घुसंल आन् फावड्याखाली यील."

"गांडूळ लावून गळ टाका मग."

आता म्हातारा पहिल्यांदा बोलला. "देवाच्या दारात जीव मारून जीव धरायचा?" तो जमिनीला म्हणाला.

 मग साहेबांनी हळूच माझ्याकडं बघितलं. लाकडी माशात जीव नव्हता. जाळ्याचा विटाळ त्याला नव्हता. पाण्यात पाय घालायचा नव्हता. साऱ्या जिल्ह्यात त्या बारवेला चालेल असं एकच हत्यार होतं, आणि ते चालवणारा माणूस लिंगायत निघाला हे ऐकून सरपंचांना तर देवच पावला. म्हातारा माझ्या कपाळाकडं बघून म्हणाला, "तम्मा, आपलाच हाय म्हणायचा." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. तिकडं सीमेकडं आमच्यात असंच बोलतात.

मी पळवाट शोधून राहिलो होतो. म्हटलं, "आप्पा, काढली तर ठेवणार कुठं? जिल्ह्यात पाणी न्हाई." साहेब म्हणाले, नांदेड. गोदावरीच्या डोहात पाणी होतं. म्हाताऱ्यानं मान हलवली. मग विचारलं, "आन् पाणी आल्यावर परत कोण आणणार?"

मी म्हणालो, "मी आणीन. माझी जिम्मेदारी."

आता हे मी का म्हणालो? सरकारी खोलीत बसलं की असं तोंडातून येतं. टेबल येईल, पाणी येईल, बघू, करू, तसंच ते. पण म्हाताऱ्यानं जिंदगीत कधी ऑफिस बघितलं नव्हतं. त्यानं माझा शब्द शब्द म्हणून घेतला, घोंगडं सावरलं आणि उठला.

शुक्रवारी आम्ही गेलो. अख्खं गाव बारवेच्या पायऱ्यांवर बसलेलं, वर काठावर बायका. म्हाताऱ्यानं सहातला सगळ्यात जाड लाकडी मासा निवडला, धुतला आणि त्याच्या कपाळाला विभूतीची तीन बोटं ओढली. माझ्या घरात जो उंबऱ्याच्या आत येऊ शकला नाही, तो इथं देवाच्या पायरीवर बसला. मग त्यानं गळ बघितले आणि त्याचा चेहरा उतरला. टोकाला उलटी दाढ असते, ती रुतली की निघत नाही. पुस्तिकेत यावर उपाय होता. मी पक्कड मागवली आणि सहाच्या सहा टोकांची दाढ दाबून सपाट केली. "आता रुतणार न्हाई, नुसतं अडकंल," मी म्हटलं. म्हाताऱ्यानं प्रत्येक टोक स्वतःच्या बोटाला टोचून बघितलं.

पहिल्या फेकीत लाकडी मासा समोरच्या कोनाड्यात बसला. दुसऱ्या फेकीत तळाला गेला आणि जड झाला. गाव उठून उभं राहिलं. मी रीळ फिरवत गेलो आणि वर आली एक कळशी, गाळानं भरलेली. वरून एक बाई म्हणाली, "अगं बया, माझीच की." दोन वर्षांपूर्वी पडलेली. तिसऱ्या फेकीला पोहरा आला. चौथ्याला आणखी एक कळशी, तिच्यावर दोघींचा दावा. मग बायकांनी मला जागा दाखवायला सुरुवात केली: साहेब, जरा डावीकडं, माझा तांब्या तिथं हाय. साहेब, माझी बिंदगी बघा की. अर्ध्या तासात मी गावचा निम्मा संसार वर काढला. सरपंच वैतागून म्हणाले, भांड्याचं मागून बघू, आधी मासा. माझा सदरा घामानं चिकटला होता आणि मी मनातल्या मनात त्या परदेशी लेखकाला शिव्या घालत होतो. त्याच्या चाळीस पानांत कळशीचा उल्लेख नव्हता.

मग मी थांबलो आणि जरा नीट विचार केला. गाळात जीभ रुतत होती, म्हणून सगळं अडकत होतं. गाळ नसलेली जागा एकच, कडेच्या पायऱ्यांची. मी लाकडी मासा पायऱ्यांच्या पलीकडं फेकला आणि कडेकडेनं आणला. ठक, एका बुडालेल्या पायरीला आपटला. ते आपटणं काठीतून हातात आलं. मी हात थांबवला. पुस्तिकेत होतं तसं काहीच केलं नाही.

पाणी फाटलं. काठी वाकली, दोर पाणी कापत गेला, आणि तिनं लाकडी मासा आडवा तोंडात धरून उडी मारली तेव्हा ती सगळ्यांना दिसली, हातभर लांब, काळीभोर, शेपटीवर एक पांढरा डाग.

ओरडलं कुणीच नाही. मी तिला कडेला आणली, शिपायानं ओल्या फडक्यात उचलली, गळ अलगद निघाले, तरी गाव गप्प. मला कळेना. मग मला कळलं. महादेवाची मरळ, जिला गाव वर्षानुवर्षं भाकरी खाणारी समजत होतं, तिनं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मासा खायला तोंड उघडलं होतं. मरळ नुसत्या भाकरीवर जगत नाही, बेडूक, लहान मासे खाते, हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. मी कुठल्या तोंडानं सांगणार? सरपंच खाली बघत होते. एक म्हातारी कपाळाला हात लावून बसली.

म्हाताऱ्यानं घसा खाकरला. "खायला न्हाई गेली ती," तो म्हणाला. "परका घरात शिरला म्हणून हाकलायला गेली."

गावानं ते ऐकलं, तोलून बघितलं, आणि मान हलवली. पायऱ्यांवर एकदम बोलणं सुरू झालं. मला वाटतं त्या दिवशी त्या माणसानं एकट्यानं देवाची अब्रू राखली. माझा त्याच्यावर जीव जडला तो तिथून.

प्रत्येक घरानं मरळीसाठी एकेक तांब्या पाणी दिलं. ज्या घरात अंगोळ आठवड्यातून एकदा होत होती त्या घरांनी. हंडा भरला, त्यात मरळ, वरून ओलं फडकं, आणि दुसऱ्या दिवशी म्हातारा आणि मी लातूरहून नांदेडच्या एसटीत. कंडक्टर म्हणाला, "कोंबडीचं माहीत हाय, बकरीचं माहीत हाय. हिला काय लावू?" मी म्हटलं, "सरकारी हाय." शिपायाकडून शिकलो होतो.

अहमदपूरच्या पुढं ऊन तापलं. गाडीतल्या सगळ्यांच्या नजरा हंड्यावर. पाण्यानं काठोकाठ भरलेला हंडा मांडीत घेऊन कुणी प्रवास करतं का त्या दिवसांत? पुढच्या सीटवरच्या बाईच्या मांडीवर तापलेलं पोर होतं. तिनं विचारलं, "बाबा, जरा पाणी द्या की लेकराला." मी सांगायला तोंड उघडलं की आत मासा आहे. म्हाताऱ्यानं मला कोपरानं गप्प केलं, फडकं बाजूला केलं, आणि ओंजळीनं पाणी काढून पोराच्या ओठाला लावलं. पोर प्यालं. मग मागून एका आजोबांनी भांडं पुढं केलं. हे देवाचं पाणी आहे अशी बातमी गाडीभर झाली आणि लोक तीर्थ म्हणून हात पुढं करायला लागले. मी म्हटलं, "आप्पा, ती मरंल." तो म्हणाला, "न्हाई मरत. ती वरून श्वास घेतीय. पाण्याबिगर लेकरं न्हाई ऱ्हात." आणि खरंच, नांदेड आलं तेव्हा हंड्यात चार बोटं पाणी होतं आणि मरळ तोंड वर काढून आमच्याकडं बघत होती.

घाटाच्या शेवटच्या पायरीवर म्हाताऱ्यानं हंडा आडवा केला. ती क्षणभर हंड्यातच थांबली, मग गेली. त्यानं तांब्या पायरीवर तीनदा वाजवला. ती वर आली नाही. एवढं पाणी तिनंही बघितलं नव्हतं आणि त्यानंही. तो म्हणाला, "तम्मा, ध्यानात ठेव." मी मान हलवून 'हाव' म्हटलं.

गाळ निघाला, टँकर आला. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला आणि बारव तुडुंब भरली. आणि एका सोमवारी म्हातारा रिकामा हंडा घेऊन आमच्या ऑफिसात आला आणि नव्या टेबलाशेजारी जमिनीवर बसला. "पाणी आलंय," तो म्हणाला.

मी साहेबांकडं बघितलं. साहेब उंटावरून शेळ्या हाकण्यात तरबेज. त्यांनी नांदेडच्या ऑफिसला पत्र लिहायला सांगितलं, 'मासा नग एक परत करणेबाबत'. तिकडून दोन महिन्यांनी उत्तर आलं की सदर मासा या कार्यक्षेत्रात सोडण्यापूर्वी परवानगी घेतलेली दिसून येत नाही, तरी मासा ओळखण्याची खूण कळवावी. आम्ही कळवली: शेपटीवर पांढरा डाग, तांब्या वाजवल्यास येते. त्यावर अजून उत्तर यायचंय. इकडं दर सोमवारी म्हातारा यायचा. कधी भांडला नाही, कधी आवाज चढवला नाही. बसायचा, पाणी प्यायचा, "आली का?" विचारायचा आणि शेवटच्या गाडीनं जायचा. भांडला असता तर मीही भांडलो असतो, मला ते जमतं. हे मला जमेना. सोमवार जवळ आला की मला जेवण जाईना.

शेवटी बायकोच म्हणाली. म्हणाली, "शब्द दिलाय तर जावा. रविवार मोकळाच हाय." आणि लाकडी मासा पदरानं पुसून तिनं स्वतः माझ्या पिशवीत ठेवला.

तेव्हापासून किती रविवार मी नांदेडच्या घाटावर काढले ते मोजले नाहीत. आधी तांब्या तीनदा वाजवायचा, मग फेकायचा. घाटावरचे लोक समजायचे मी काही व्रत करून राहिलोय, एकदोघांनी नमस्कारही केला. मला ते हत्यार कळायला लागलं तिथं. पाणी नितळ तर फिका रंग, सकाळी कडेनं, ऊन चढलं की खोल. झटका द्यायचा नाही, काठी आडवी ओढायची. आणि ते थांबणं. मी तापट माणूस, मला कधी कुणी थांबायला शिकवलं नव्हतं. त्या घाटावर लाकडी मासा दगडाला आपटला की मी थांबायचो, आणि त्या थांबण्यात मला आत कुठं तरी बरं वाटायचं. लाज वाटते सांगायला, पण वाटायचं. मी चार मरळी धरल्या. चारींच्या शेपट्या बघितल्या. एकीलाही डाग नव्हता. तीन सोडल्या.

चौथी हातभर होती, काळीभोर. तिला हातात धरून मी बराच वेळ उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी हंडा भरला.

गाव पुन्हा पायऱ्यांवर जमलं. सरपंचांनी नारळ आणला होता. म्हाताऱ्यानं हंड्यातलं फडकं बाजूला केलं आणि वाकून बघितलं. मी म्हणालो, "डाग पुसला गेलाय आप्पा. नदीच्या पाण्यानं."  तो बघत राहिला. मग सरळ उभा राहिला आणि गावाला म्हणाला, "हीच हाय." गावानं हात जोडले, सरपंचांनी नारळ फोडला, मरळ बारवेत गेली आणि लोक प्रसाद घेऊन पांगले.

आम्ही दोघंच पायरीवर उरलो. त्यानं तांब्या हातात घेतला, पण वाजवला नाही.

"तम्मा," तो पाण्याकडं बघत म्हणाला, "तिकडं हिला कोण खाऊ घालत होतं?"

मी रिकामा हंडा उचलून फडक्यानं पुसायला लागलो.

"न्हाई, हिची वाट बघत कुणी घाटावर बसून असंल बिचारं," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी गेलास तर इचारून ये."